पट्ट्यांमधली जागा : गोविंदराव टेंबे यांच्या पेटीचा पुनर्विचार

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांची ओळख मराठीत ठरावीक क्रमाने सांगितली जाते. ‘मानापमान’चे संगीतकार, गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधील हरिश्चंद्र, ‘माझा संगीत व्यासंग’चे लेखक, आणि अखेरीस ‘ते उत्तम हार्मोनियमवादकही होते’. या वाक्यातला ‘ही’ मला खटकतो. टेंब्यांची पेटी ही त्यांच्या कर्तृत्वाची पुरवणी नसून पाया आहे, असे या लेखात मांडायचे आहे.

युरोपात १८४० च्या सुमारास फ्रान्झ लिस्टने एकट्या पियानोची मैफल रूढ केली आणि पट्ट्यांचे वाद्य वाजवणारा कलावंत रंगमंचाच्या मध्यभागी आला. आपल्याकडे पेटीची बैठक मात्र गवयाच्या बाजूलाच राहिली. पेटी बहुतांशी स्वतःच्या कानाने शिकलेले टेंबे भास्करबुवा बखले यांच्या साथीपासून सुरुवात करून एकलवादक झाले. ही काही फुटांची सरक मराठी संगीताच्या इतिहासात लहान नाही.

पेटीवरचे दोन आक्षेप खरेच आहेत. पहिला मींडेचा. दोन पट्ट्यांच्या मधून सूर ओढून नेता येत नाही. दुसरा श्रुतींचा. समान अंतरांवर लावलेल्या पेटीत लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले, तर शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा लागतो. हे दोन्ही दोष पियानोतही आहेत. पण पियानोचा सूर उमटताच विरू लागतो. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत तसाच उभा राहतो आणि आपला दोष कानासमोर धरून ठेवतो.

या अडचणीला दक्षिण महाराष्ट्रात एकाच काळात दोन उत्तरे मिळाली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीच घडवून घेतली. त्यांनी वाद्य बदलले. कोल्हापूरच्या टेंब्यांनी वाद्य आहे तसे ठेवले आणि हात बदलला. देवलांचे गणित पक्के होते, तरी ती पेटी चालली नाही. कारखान्यात बनणारी साधी पेटीच गावोगाव पोहोचली. म्हणून टेंब्यांचे उत्तर अधिक टिकाऊ ठरले, असे मला वाटते.

हात बदलणे म्हणजे काय? जिथे सूर ओढता येत नाही, तिथे सुरावटीचा घाटच बोलका करावा लागतो. कुठे थांबायचे, कुठे कण देऊन निसटायचे, भात्याचा दाब कुठे सैल सोडायचा, यावर सारे अवलंबून असते. शब्द नाहीत, मींड नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला गाणे ऐकू आले पाहिजे. ‘मानापमान’ (१९११) या खाडिलकरांच्या नाटकासाठी टेंब्यांनी ठुमरी, दादरा, कजरी अशा पूरब ढंगाच्या चालींचा आधार घेतला. या गानप्रकारांचा जीव छोट्या, नेमक्या जागांत असतो. त्या जागा हेरणारा कान पेटीवर तयार झाला होता, हे माझे अनुमान आहे. मात्र संगीतकार टेंबे आणि पेटीवादक टेंबे वेगळे काढले, तर ती निवड केवळ हौसेची वाटू लागते. ती हौस नव्हती. ती बोटांची समज होती.

‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली प्रसिद्ध झाले. ऐकून घडलेल्या माणसाचे हे पुस्तक आहे. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९४० पासून, ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. नियंत्रक होते लायोनेल फील्डन. त्याआधी संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथांनाही पेटी नापसंत होती. परकीय म्हणून हिणवलेल्या वाद्याला हद्दपार करणारा अधिकारी इंग्रज होता, ही गंमत नोंदवायला हवी. बंदी पुढे १९७१ च्या सुमारास सैल झाली, तीही साथीपुरती. एकलवादनाचे दार बंदच राहिले. टेंब्यांची अखेरची पंधरा वर्षे या बंदीत गेली.

तरीही पेटी मेली नाही. पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी एकलवादन पुढे नेले. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आमच्या भिगवणसारख्या गावात पेटी टिकली ती भजनामुळे. उजनीच्या काठावर एकादशीच्या रात्री पेटीला बसणाऱ्याला ‘कुणाकडे शिकलात?’ असे विचारले, तर ‘ऐकून ऐकून’ एवढेच उत्तर मिळते. मीही कोणत्या विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकलेलो नाही, त्यामुळे या उत्तराचे वजन मला कळते. त्यात अज्ञानाची कबुली नाही. ती शिकण्याची एक पद्धत आहे, आणि टेंबे तिचे सर्वांत मोठे उदाहरण आहेत.

श्रुतींचा आक्षेप खोटा ठरवण्याची गरज नाही. गंधार चढाच राहणार. प्रश्न एवढाच, की वाद्यातली उणीव पाहून आपण वादकाचे मोल ठरवायचे, की त्या उणिवेतून त्याने काय घडवले ते पाहून? टेंब्यांचे चरित्र यापुढे लिहिले जाईल, तेव्हा पेटीचे वाक्य शेवटी नको; सुरुवातीला यावे. आणि त्यातला ‘ही’ गाळावा.