पश्चिमगामी विमानप्रवास आणि मराठी प्रवासवर्णनाची कालभाषा

मराठी प्रवासवर्णनात आगबोटीला जेवढी जागा मिळाली तेवढी विमानाला मिळालेली नाही. याचे एक कारण उघड आहे. पंडिता रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' हे १८८३ मधील पत्र ज्या काळचे, त्या काळी विलायतेचा मार्ग म्हणजे कित्येक दिवसांचे समुद्रावरील जीवन होते. पश्चिमेस जाणाऱ्या बोटीवर घड्याळाचे काटे अधूनमधून थोडेथोडे मागे घेतले जात. दिवस लांबत असे, पण अंगवळणी पडेल अशा बेताने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, आणि बोटीने आठवड्यांवर पसरलेले हे स्थित्यंतर एका उड्डाणात येऊन बसले. ते सांगण्याची भाषा मात्र त्याबरोबर आली नाही. गंगाधर गाडगिळांचे पुस्तक १९५९ चे. त्याचे नाव 'सातासमुद्रापलीकडे' असे आहे. विमानयुगातही दूरत्वाचे माप समुद्रच राहिला, हे त्या शीर्षकावरून दिसते.

पुढच्या वर्षी, १९६० साली, पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' आले आणि परदेशाकडे पाहण्याचा मराठी सूरच बदलला. त्या पुस्तकाची थोरवी माणसे व रीतिभाती न्याहाळण्यात आहे. तिच्याविषयी वाद नाही. परंतु तिच्या अनुकारकांनी पोचल्यानंतरची गंमत तेवढी उचलली, आणि मधला प्रवास 'विमानाने उड्डाण केले' व 'विमान उतरले' या दोन वाक्यांत गुंडाळला. दोहोंच्या मध्ये कित्येकदा एकच विनोद असतो: घड्याळ मागे केले, साडेपाच तास फुकट मिळाले.

या वाक्याची परीक्षा केली पाहिजे. 'मिळाले', 'वाचले', 'फुकट', 'वसूल झाले' ही सारी क्रियापदे व विशेषणे देवघेवीची आहेत. सुट्टी मोजून घेतलेली असते, पैसे आगाऊ भरलेले असतात. तेव्हा पर्यटकाने तासांचाही हिशेब मांडावा हे समजण्यासारखे आहे. पण परतीच्या पूर्वाभिमुख प्रवासात तेच तास निमूटपणे परत द्यावे लागतात, आणि जमाखर्च मांडणारा लेखक ही खर्चाची बाजू सहसा लिहीत नाही. शिवाय हे वाक्य घड्याळाविषयी बोलते, प्रवाशाविषयी नव्हे. प्रवाशाला मिळते ते काय, तर न संपणारी रात्र किंवा न मावळणारी संध्याकाळ.

डिसेंबरातील प्रवास घ्यावा. नांदेडहून किंवा लातूरहून निघालेला प्रवासी रेल्वेने मुंबई गाठतो. हाही पश्चिमेचाच प्रवास होय. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची; सौरकाल तिच्यामागे नांदेडला सरासरीने सुमारे २१ मिनिटे, लातूरला २४, तर मुंबईला ३९ मिनिटे आहे. म्हणजे लातूरहून रात्रभर प्रवास करून मुंबईस आलेल्याचा सूर्य केवळ रेखांशापोटी सुमारे पाव तास उशिरा उगवतो. काटे तेच राहिल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही, इतकेच. पुढे मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास विमान निघाले, तर नऊदहा तासांनी लंडनला उतरताना तेथे पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात आणि बाहेर अंधार असतो. त्याच क्षणी नांदेडला दुपारचे बारा झालेले असतात. पोटात जेवणाची वेळ, खिडकीत रात्र. पंचांगाच्या रीतीने वार सूर्योदयाला बदलतो. तेव्हा तारीख कालच पालटलेल्या या प्रवाशाचा वार अद्यापि बदललेला नसतो! लंडनहून आणखी पश्चिमेस, दुपारी निघून न्यूयॉर्ककडे जावे, तर उलट प्रकार. त्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे हजार किलोमीटर वेगाने पूर्वेस फिरतो आणि विमान जवळजवळ तितक्याच वेगाने पश्चिमेस जाते. सूर्य क्षितिजापाशी तासन्‌तास रेंगाळतो.

हा अनुभव मराठीत सांगता येत नाही काय? येथे व्याकरण साहित्यिकांच्या पुढे आहे. 'पाऊस थांबेना', 'झोप येईना' यांतील '-ना' हे रूप केवळ नकार दर्शवीत नाही. जे घडावयास हवे ते घडण्याचे नाकारत आहे आणि बोलणारा त्याच्या प्रतीक्षेत आहे, असा अर्थ ते एका प्रत्ययात देते. 'उजाडेना' आणि 'दिवस मावळेना' ही दोन रूपे पश्चिमगामी विमानाच्या खिडकीसाठीच घडविली असावीत, इतकी नेमकी आहेत. 'साडेपाच तास मिळाले' हे पूर्ण झालेल्या व्यवहाराचे विधान आहे. 'उजाडेना' ही चालू असलेली अवस्था आहे. त्यातच 'दिवस' या शब्दाचे दुहेरीपण आहे. मराठवाड्याच्या खेड्यांत 'दिवस उगवला', 'दिवस कलला' म्हणताना दिवस म्हणजे सूर्य. आणि दिशाही त्यावरूनच, 'उगवतीकडे' व 'मावळतीकडे'. पश्चिम हा शब्द नकाशा दाखवितो, मावळत हा शब्द घटना दाखवितो. मावळतीकडे जाताना दिवस मावळेना, या साध्या वाक्यात जो विरोध आहे तो घड्याळाच्या विनोदात शोधूनही सापडणार नाही.

'-ना' या रूपाला तक्रारीची, उतावीळपणाची छटा आहे व सुट्टीवर निघालेल्याचा आनंद तिच्यात मावत नाही, असा आक्षेप घेता येईल. तो अंशतः खरा आहे. पण विमानातील आनंदही उतावीळच असतो. अधिक अडचण 'जागरण' या शब्दाची आहे: जागरणाला रात्र लागते, आणि येथे माणूस लांबलेल्या दिवसातही जागतो. 'जेट लॅग' हा शब्द म्हणूनच जसाच्या तसा रुळला. मानवी शरीराचे अंतर्गत चक्र सरासरीने चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने पश्चिमेस जाताना लांबलेला दिवस शरीर तुलनेने लवकर पचविते, पूर्वेस येताना आखडलेला दिवस जड जातो. हा भेद दाखविणारी मराठी शब्दांची जोडी अद्यापि रूढ नाही.

नांदेड-लातूरची मुले आज परदेशी शिकतात, नोकऱ्या करतात, आणि त्यांचे आईवडील सुट्टी काढून त्यांच्याकडे जातात. ज्यांच्या बोलण्यात दिवस अजून कलतो, बुडतो, डोक्यावर येतो, अशी माणसे आता विमानात बसत आहेत. संकष्टीचा उपास धरून निघालेल्या बाईला चंद्रोदय कोणत्या गावचा धरावा, हा प्रश्न पडतो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण कालगणना ही स्थळाला बांधलेली असते हे त्यात बिनचूक ओळखलेले आहे. अशा प्रवाशांनी परत आल्यावर केलेली तोंडी निवेदने अभ्यासकांनी नोंदवून घ्यावीत, आणि त्यांत 'मिळाले' किती वेळा येते व 'उजाडेना' किती वेळा, ते पाहावे.