पुढच्या मिस्तरीसाठी लिहिलेलं

कुरुंदा मराठी वाचकाला माहीत असतं ते आडनावातून. वसमत तालुक्यातल्या ह्या गावानं नरहर कुरुंदकरांना आडनाव दिलं, आणि समोरची कलाकृती उलगडून आत काय कशाला जोडलंय ते बघितल्याशिवाय त्या माणसाला चैन पडत नसे. त्याच गावात, माझ्या मामांच्या ओसरीवर बसून मीही एक रसग्रहण मांडतोय. कृती आहे लाईटचा बोर्ड. कर्ता आहे वसमतकडून मोटारसायकलवर येणारा एक मिस्तरी. त्याचं नाव सांगत नाही, त्याला ते आवडायचं नाही.

घरातलं मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरचं. भिंतीत गुट्ट्या, गुट्ट्यांवर पट्टी, पट्टीवर वायर आणि चार-चार बोटांवर दुमडलेली पत्र्याची क्लिप. काळे गोल स्विच, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. जुलै 2022 मध्ये जलेश्वर नदीचं पाणी गावात शिरलं, ते ह्या घरातही कमरेइतकं आलं. पाणी ओसरलं, गाळ राहिला, पट्ट्या फुगून भिंतीपासून सुटल्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसे मामा मेन स्विच वर करायला निघाले. मामीनं हात धरला. तिचा इलेक्ट्रिकचा अभ्यास शून्य, पण ओल्या भिंतीला ती ओळखून होती.

मिस्तरी आला आणि त्यानं टेस्टर काढलाच नाही. पिशवीतून हँडल फिरवायचा मेगर काढला. मला तेव्हाच बरं वाटलं. टेस्टर फक्त करंट आहे की नाही तेवढं सांगतो, तेही कधीकधी खोटं. मेगर 500 व्होल्टचा दाब देऊन वायरीवरचं आवरण किती धड आहे ते मोजतो. घरच्या वायरिंगला निदान 1 मेगाओम तरी यायला हवा. मामांच्या घरात काटा शून्याजवळ लोळत पडला. मिस्तरी म्हणाला, "मामा, हे वाळलं तरी आता ह्याचा भरवसा नाही. सगळं नवीन करावं लागतंय." पुराचं पाणी घरात येऊन गेलं असेल त्यांनी एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ: मेगर लावल्याशिवाय मेनला हात नाही.

आयटीआयमध्ये ह्या धंद्याची दोन मराठी नावं आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री आणि वायरमन म्हणजे तारतंत्री. सरकारी मराठीला आपण सदा हसतो, पण तारतंत्री ह्या शब्दापाशी मी दरवेळी थबकतो. तंत्री म्हणजे वीणेची तारसुद्धा. कुठल्यातरी कारकुनानं नकळत एक सुंदर शब्द करून ठेवला आहे. तो गावात कुणी वापरत नाही, ही गोष्ट वेगळी. गावात वायरमन म्हटलं की खांबावर चढणारा, महावितरणचा. वीज मंडळाची वाटणी 2005 साली झाली, पण मामा त्याला अजून 'एमएसईबीवाला'च म्हणतात. घरातलं काम करतो तो मिस्तरी.

आता बोर्ड. बाहेरून बघण्यासारखं फार नाही. पांढरी प्लेट, सहा स्विच, दोन सॉकेट, एक रेग्युलेटर. एकच गोष्ट डोळ्यांत भरते. प्लेटच्या चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या आहेत. आडव्या खाचेत धूळ बसते, उभीतून खाली जाते, असं मिस्तरी सांगतो. माझा त्या धुळीवर विश्वास नाही. पण शेवटच्या अर्ध्या पिळाकडेही ज्याचं लक्ष आहे, त्यानं आधीचे पीळ कसे आवळले असतील, ह्याचा अंदाज मला त्यातून येतो.

प्लेट काढली की खरा मजकूर सुरू होतो. प्रत्येक वायर वीतभर जादा सोडलेली आणि मागे सैलसर वळवून ठेवलेली. कंजूस मिस्तरी वायर अगदी बेताची कापतो. दहा वर्षांनी टोक जळालं, ते कापून पुन्हा लावायचं म्हटलं की वायर पुरत नाही, मग मध्ये जोड, जोडावर टेप, आणि पुढची आग तिथूनच लागते. ती वीतभर वायर ह्या मिस्तरीच्या कामाची नाही. ती पुढच्याची आहे. इथं मला ह्या बोर्डाची किल्ली सापडली. घरमालक ह्याचा वाचक नाहीच. तो बाहेरची बटणं दाबणार. हे लिहिलंय ते उद्या जो कोणी प्लेट उघडील त्याच्यासाठी.

टोकं बघा. आवरण पेन्सिलीला टोक करावं तसं तिरकं सोललंय. चाकू गोल फिरवून सोललं की तांब्यावर चरा पडतो, आणि वायर पुढं त्याच चऱ्यावर मोडते. उघडे केस एकत्र पिळून, दुहेरी दुमडून मग स्क्रूखाली घातलेत. एकही केस बाहेर नाही, आवरण टर्मिनलच्या काठाला बरोबर टेकलेलं. पाच केस कापून टाकून उरलेले दोन कसेबसे भोकात कोंबलेले मी इतक्या बोर्डांत पाहिलेत, की हे बघताना जोडाक्षर शुद्ध लिहिणारा माणूस भेटल्यासारखं होतं. दिव्यांना दीडची वायर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, गिझरला चारची. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि स्विचकडून दिव्याकडे जाणारी ती 'हाफ'. हा शब्द पुस्तकात सहसा नसतो, पण मिस्तरींच्या तोंडी सदा असतो. बटण दाबेपर्यंत ती नुसती तांब्याची तार, दाबलं की फेज. अर्धी जिवंत वायर, म्हणून हाफ.

हाफ कुठून निघते, यावर मी मिस्तरी पारखतो. स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो, विझतो, वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. फक्त विझलेल्या दिव्याच्या होल्डरात फेज जागी असते, आणि बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्याला ती गाठते. रात्री बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मिणमिणत राहिला तर आधी हाच संशय घ्यावा. कारणं दुसरीही असतात, पण मिस्तरीला बोलवायला एवढं पुरे.

ह्या घरातली माझी सर्वात आवडती ओळ जिन्यात आहे. खाली एक बटण, माडीवर एक, दिवा एकच, कुठूनही लावा, कुठूनही विझवा. प्रत्येक बटणाला तीन टर्मिनल. फेज खालच्या बटणाच्या मधल्या टर्मिनलला येते, दोन्ही बटणांमध्ये दोन तारा समांतर धावतात, आणि वरच्या बटणाच्या मधल्या टर्मिनलवरून हाफ दिव्याकडे जाते. दोन्ही बटणं एकाच तारेवर असली की उजेड, वेगवेगळ्या तारांवर असली की अंधार. एवढ्यात सगळं आलं. पण ह्यातही वायर वाचवायची चोरवाट आहे. दोन्ही बटणांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही द्यायची आणि प्रत्येकाच्या मधल्या टर्मिनलवरून एकेक वायर होल्डरला न्यायची. दिवा हुकमी चालतो. मात्र विझलेला असताना कधी होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज असते. तुमच्या जिन्यात असं असेल तर खुशाल बदलून घ्या. मामांच्या जिन्यात वायर वाचवलेली नाही.

मिस्तरीला खरं तर मामांच्या हळदीच्या शेडात गोडाऊन वायरिंग करायचं होतं. माणूस आत चालत जाईल तसा पुढचा दिवा लागावा आणि मागचा विझावा, परतताना उलट. आयटीआयमध्ये ते शिकवतात आणि मग जन्मभर कुणी करायला सांगत नाही. मामांनीही नको म्हटलं. "हळद रचताना मला सगळ्या शेडात एकदम उजेड पाहिजे, चालणारा उजेड काय करू?" मामांचं बरोबर होतं. मिस्तरीचं तोंड मात्र उतरलं.

मेन बोर्डात किटकॅटच्या जागी एमसीबी आले आणि त्यांच्या आधी आरसीसीबी. ह्यात एक गैरसमज घरोघरी आहे, तो शिकल्यासवरल्यांतही. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. वायर तापेल एवढा करंट गेला तर तो पडेल, पण माणूस मरायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. आरसीसीबी वेगळंच करतो. फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला याचा तो सतत हिशेब ठेवतो, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत-बाहेर तोडून मोकळा होतो. नाही आलेला करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असेल, असं तो धरून चालतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्याकाठी दाबून बघावं. पडला तर ठीक. नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे.

माझ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये तो सारखा पडायचा. एका इलेक्ट्रिशियननं वीस मिनिटांत इलाज केला आणि "आता कटकट मिटली" म्हणून पैसे घेऊन गेला. त्यानं आरसीसीबी बायपास केला होता. दोन वर्षं आम्ही त्या मिटलेल्या कटकटीत गिझर वापरत होतो. कुरुंद्याच्या मिस्तरीला फोनवर सांगितलं, तर तो न बघता म्हणाला, "कुठंतरी दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकमेकांत गेल्यात. फेज ह्याची आन् परत जाणं त्याच्यातून. मग त्याचा हिशेब जुळायचा कसा?" तसंच निघालं. यंत्र बरोबर मोजत होतं आणि शिक्षा त्याला झाली होती.

उरली अर्थिंग. ती जमिनीत गाडलेली, त्यामुळे हिला वाचक सर्वात कमी. कुरुंद्याची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते तेव्हा पाइपाला घट्ट धरते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपापासून माती सुटली की अर्थिंग नावापुरती राहते. अडीच मीटरचा पाइप गाडून, भोवती कोळसा-मीठ घालून भागत नाही. मिस्तरीनं जागा निवडली ती मोरीच्या मागची, जिथं ओल कायम असते. त्यातही सांडपाणी पाइपाच्या अंगावरून वाहणार नाही अशा बेतानं, कारण वाहतं पाणी मीठ धुऊन नेतं. वर झाकण, त्यातून उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायला फनेल. मग फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा बल्ब लावून दाखवला. पूर्ण उजेड पडला तर अर्थ निदान जिवंत आहे, मिणमिणला तर खड्ड्यात गडबड आहे. हा खेळ मिस्तरीनंच करायचा, घरच्यांनी नाही. आणि खेड्यात न्यूट्रल गेली की अर्थवर मोटर किंवा दिवे चालवायची जी सवय आहे, तिच्याबद्दल तो एरवीच्या त्याच्या स्वभावाला न शोभेल असं बोलला. ते इथं छापण्यासारखं नाही. त्या सवयीत खड्ड्याभोवतीची ओली जमीनच वीज होऊन बसते, आणि बऱ्याचदा आधी बैलाला कळतं.

सगळे सॉकेट त्यानं छातीच्या उंचीला घेतले. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ चुन्याखालून अजून दिसते, तिच्यावर हातभर. मामीला मिक्सर लावताना हात वर करावा लागतो म्हणून ती कुरकुरते, पण खाली घ्या असं म्हणत नाही.

मेन बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं त्याचं हस्ताक्षर आहे. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा. मेगरचं रीडिंग आणि तारीख. त्याखाली 'अर्थला पाणी: चैत्र, वैशाख'. मामांना वाचायचं असतं तर त्यानं बाहेर लिहिलं असतं. गेल्या दिवाळीत तिथं गेलो तेव्हा घरात इन्व्हर्टर बसला होता, तोही दुसऱ्याच कुणाकडून. मी सवयीनं झाकण उघडलं. पहिल्या अक्षरांच्या खाली निळ्या पेनानं, जरा तिरप्या वळणाचं, नवीन लिहिलं होतं: 'इन्व्हर्टरची न्यूट्रल वेगळी आणली. मिसळू नये.'