जठररसाचा ग्रंथ आणि त्यामागचा माणूस

‘जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिन असते, त्यामुळे प्रथिनांचे पचन सुरू होते.’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण जिवंत माणसाच्या जठरात काय चालते हे कोणी आणि कसे पाहिले, असे एखाद्या मुलीने विचारले तर? अशा वेळी शिक्षकांच्या हाती विल्यम बोमाँट यांचा जठररसावरील ग्रंथ असावा असे आम्हाला वाटते. तो १८३३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मात्र तो नुसत्या कौतुकाने वाचू नये.

बोमाँट अमेरिकी लष्करात शल्यचिकित्सक होते. ६ जून १८२२ रोजी ह्यूरॉन सरोवरातील मॅकिनॉ बेटावर, फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात, चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन हे तरुण कॅनेडियन मजूर डाव्या कुशीत जबर जखमी झाले. बोमाँट यांच्या उपचारांनी ते वाचले. पण जठराचे भोक बुजले नाही, ते कुशीवर कायमचे उघडे राहिले. पुढे जठराच्या अस्तराची एक झडप त्यावर आली. ती बोटाने आत ढकलली की जठराचा आतला भाग दिसे.

१ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून या भोकातून आत सोडले व तासातासाने बाहेर काढून पाहिले. त्याच महिन्यात त्यांनी थोडा जठररस कुपीत काढून घेतला, त्यात मांसाचा तुकडा घातला आणि कुपी सुमारे १०० अंश फॅरनहाइट तापमानात ठेवली. तसाच दुसरा तुकडा जठरात सोडला. जठरातला तुकडा दोन तासांत नाहीसा झाला. कुपीतल्या तुकड्याला दहा तास लागले, पण तोही विरघळला. जठर अन्न केवळ दळते, कुजवते की रसायनाने विरघळवते, हा त्या काळचा वाद होता. रेओमूर व स्पालानझानी यांनी अठराव्या शतकात प्राण्यांवर दाखवलेली गोष्ट येथे माणसात सिद्ध झाली. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्लाखेरीज आणखी काही क्रियाशील द्रव्य असले पाहिजे, असेही बोमाँट म्हणाले. तीनच वर्षांनी, १८३६ साली, श्वान यांनी पेप्सिन शोधले. ग्रंथाचे हे यश निर्विवाद आहे.

आता उणिवा. जे भोकातून दिसले त्यालाच बोमाँट यांनी संपूर्ण पचन मानले. चर्वण आणि लाळ यांचा पचनाशी तसा संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रत्यक्षात लाळेमुळे पिष्टाची साखर होते हे जर्मनीत लॉइख्स यांनी १८३१ मध्येच दाखवले होते. अन्नाचा स्पर्श झाल्याशिवाय जठररस स्रवत नाही, हे त्यांचे विधानही अपुरे ठरले. पुढे पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवर दाखवले की, गिळलेले अन्न जठरात न पोचताही नुसत्या खाण्याने रस सुटतो.

सर्वांत फसवे आहे ते त्यांचे पचनकाळाचे कोष्टक. शिजलेला भात एक तास, भाजलेले डुकराचे मांस सव्वापाच तास, वगैरे. भात एका तासात जठरातून निघून गेला असेल, पण तो पचला असे नव्हे. जठररसात पिष्ट पचवणारे विकरच नाही. ते काम लाळेने सुरू होते आणि मुख्यतः लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने पुरे होते. स्निग्ध पदार्थांचे पचनही बहुतांशी तेथेच होते. ‘जठर रिकामे झाले’ हे निरीक्षण आणि ‘अन्न पचले’ हे अनुमान, या दोहोंची येथे गल्लत झाली आहे.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पहिल्याच दिवशी सेंट मार्टिन यांचे पोट आणि डोके दुखू लागले. बोमाँट यांनी ते प्रामाणिकपणे नोंदवले. मात्र प्रयोग पुढे चालूच राहिले. सेंट मार्टिन त्यांच्याच घरी नोकर होते. १८३२ मध्ये वर्षाला १५० डॉलर आणि राहणेजेवण या बोलीवर झालेल्या करारावर, लिहिता येत नसल्याने, त्यांनी फुलीची निशाणी केली. १८३४ मध्ये ते निघून गेले. बोमाँट यांनी पुढे अनेकदा बोलावूनही ते परतले नाहीत. १८८० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा डॉक्टरांच्या हाती जठर लागू नये म्हणून घरच्यांनी प्रेत कुजू दिले आणि मग खोल पुरले. त्या कुटुंबाचे मत याहून स्पष्ट काय असणार?

म्हणून पाठ शिकवताना शिक्षकांनी बोमाँट यांच्याबरोबर सेंट मार्टिन यांचेही नाव सांगावे. ग्रंथाची पद्धत वर्गात आणायची तर भोकाची गरज नाही. दोन परीक्षानळ्यांत भाताची पातळ, कोमट पेज घ्यावी. एकीत लाळ आणि दुसरीत तेवढेच पाणी घालावे. अर्ध्या तासाने दोहोंत आयोडीनचा थेंब टाकावा. पाण्याच्या नळीत निळा रंग येईल. लाळेच्या नळीत तो फिका पडेल किंवा येणारच नाही. वहीत ‘काय दिसले’ आणि ‘त्यावरून काय वाटते’ असे दोन रकाने करावेत. लाळ मात्र राजीखुशीने देईल त्याचीच घ्यावी. नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये.