‘प्रभात’ची तुतारी : चित्रसंस्थांच्या बोधचिन्हांचे कर्तृत्व

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची बोधचिन्हे जितकी दाटीने दिसतात, तितकी महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र दिसत असतील. प्रत्येक चिन्हाचा मालक सर्वांस ठाऊक असतो. त्याचा कर्ता मात्र बहुधा कोणासच ठाऊक नसतो. चाकणच्या एका परदेशी मोटार-कारखान्यावर असलेल्या फोक्सवागेन ह्या चिन्हाच्या कर्तृत्वाचा वाद तर ऑस्ट्रियाच्या न्यायालयापर्यंत गेला होता. जी गत कारखान्यांच्या चिन्हांची, तीच चित्रपटसंस्थांच्या चिन्हांची. चित्रपटाच्या आरंभी दिग्दर्शक, छायालेखक, संगीतकार ह्यांची नावे क्रमाने येतात; परंतु ज्या चिन्हाने पडदा उजळतो, ते कोणी काढले ह्याचा उल्लेख त्या नामावलीत नसतो.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ‘संत तुकाराम’ (1936) हा चित्रपट सोयीचा आहे. त्याची कथा ज्या देहूत घडते, ते देहू आज ह्याच पट्ट्याच्या कडेला, तळवडे-चिखलीच्या कारखान्यांना लागून आहे. व्हेनिसच्या 1937 सालच्या महोत्सवात गौरविल्या गेलेल्या ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल मुळात चित्रकार-कारागीर होते. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना 1929 साली कोल्हापुरात झाली, व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व सीतारामबापू कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. 1933 मध्ये ती पुण्यास आली. तिच्या चित्रपटांच्या अग्रभागी येणारी तुतारी फुंकणारी स्त्री महाराष्ट्रातील प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांना परिचित आहे. परिचयामुळेच असेल, पण तिच्याकडे चिकित्सेच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले नाही.

पहिली गोष्ट व्याकरणाची. ‘प्रभात’ हा शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी आहे. हिंदीत तो पुल्लिंगी चालतो. मराठीत मात्र ‘प्रभात झाली’ असेच आपण म्हणतो. चिन्हातील आकृती स्त्रीची आहे हा केवळ सौंदर्याचा सोस मानला, तर ह्या साम्याचा उलगडा होत नाही. तुतारी वाजविण्याचे काम देवळात काय, मिरवणुकीत काय, परंपरेने पुरुषाचे आहे. 2024 साली एका राजकीय पक्षास मिळालेल्या निवडणूकचिन्हात तुतारी वाजविणारा पुरुष आहे तो ह्या परंपरेला धरूनच. तो पुरुष कोणाच्या तरी आगमनाची वर्दी देतो. तो स्वतः आगमन नव्हे. ‘प्रभात’च्या चिन्हातील स्त्री मात्र वर्दी देणारी नाही, ती स्वतःच प्रभात आहे. शब्दाचे लिंग येथे देहधारी झाले आहे. वैदिक उषाही स्त्रीरूपच आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे, परंतु अपुरा आहे. कारण उषेच्या रूपात प्रकाश आहे, वाद्य नाही. वाद्य आले ते मराठीच्या स्वतःच्या संचितातून.

त्या संचिताचे दोन थर आहेत. मराठी मुलखात पहाट ही डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते : भूपाळी, काकडआरती, वासुदेवाची चिपळी, देवळातील चौघडा. देहू-आळंदीस आजही दिवस काकडआरतीने उघडतो. (त्याच परिसरातील कामगाराचा दिवस पाळीच्या भोंग्याने उघडतो, हा ध्वनिसंकेतांच्या अभ्यासकास एक स्वतंत्र विषय होईल.) दुसरा थर केशवसुतांचा. त्यांची ‘तुतारी’ ही कविता 1893 सालची. तिच्यानंतर ‘तुतारी’ हा शब्द निव्वळ वाद्याचे नाव राहिला नाही; जुने टाकून नव्यास हाक घालणे हा अर्थ त्यास कायमचा चिकटला. 1929 साली नव्या कलेची नवी संस्था काढणाऱ्यांनी पहाटेच्या हाती तुतारी दिली, तेव्हा मराठी वाचणाऱ्या प्रेक्षकास हा अर्थ सांगावा लागला नसेल. पूर्वीच्या राजवैभवाचे वाद्य आणि नवयुगाची हाक, अशा परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वक्र रेषेत सामावल्या.

मूकपटांच्या काळात ही तुतारी दिसे, ऐकू येत नसे. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ने संस्थेने बोलपटात पाऊल टाकले आणि चित्रातल्या वाद्यास स्वर मिळण्याचा मार्ग खुला झाला. ‘प्रभात’चा ध्वनिविभाग दामल्यांकडे व कलाविभाग फत्तेलालांकडे होता हे येथे ध्यानात घ्यावे. इंग्लंडमधील रँक संस्थेच्या चित्रपटांपूर्वी एक धिप्पाड पुरुष प्रचंड घंटा ठोकताना दिसे. ती घंटा कागदाच्या लगद्याची होती आणि आवाज दुसऱ्याच वादकाने दुसऱ्याच वाद्यावर काढलेला होता. तेथे आवाज जबरदस्त आहे, परंतु घंटेचा ‘रँक’ ह्या नावाशी अर्थाचा संबंध काहीच नाही. ‘प्रभात’मध्ये नाव, आकृती व नाद ही तिन्ही एकच वाक्य उच्चारतात.

ह्या कसोटीस इतर चिन्हे कमी उतरतात. शांतारामांनी 1942 साली काढलेल्या ‘राजकमल’चे नाव त्यांच्या आईवडिलांच्या, कमला व राजाराम ह्यांच्या, नावांवरून आले. फ्रान्समधील गोमों संस्थेचे डेझीचे फूलही असेच संस्थापकाच्या मातेच्या ‘मार्गरीत’ ह्या नावावरून आलेले आहे. अशा चिन्हांत जिव्हाळा आहे, पण किल्ली घरातल्या माणसांपाशी राहते. परक्यास कमळ दिसते ते केवळ कमळ. राज कपूर ह्यांच्या संस्थेचे चिन्ह ‘बरसात’ (1949) मधील प्रतिमेवरून घेतलेले. एका हाती व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली स्त्री. नावाची दोन आद्याक्षरे तेथे मुकीच आहेत, सारे बोलणे चित्र करते. आणि ते इतके स्पष्ट बोलते की नावाची उणीव भासत नाही.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. जेम्स बाँडच्या ‘007’ ह्या आकड्यांतील सातास पिस्तुलाचा आकार देणारे जो कॅरॉफ ह्यांना 1962 साली त्या कामाबद्दल तीनशे डॉलर मिळाले. चित्रपटांवर त्यांचे नाव आले नाही, पुढे स्वामित्वधनही मिळाले नाही. 2025 साली, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, ते वारले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची ओळख ह्याच तीन आकड्यांनी करून दिली. येथे अन्याय उघड आहे, कारण कर्ता एक आहे व चिन्ह मोबदला देऊन घेतलेले आहे.

‘प्रभात’स हा हिशेब जसाच्या तसा लागू करता येत नाही. दामले व फत्तेलाल ज्या परंपरेत घडले, ती आनंदराव व बाबूराव पेंटर ह्यांची कोल्हापुरी कार्यशाळा होय. तेथे नाटकांचे पडदे रंगविले जात, कॅमेरा घरी घडविला जाई, आणि बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. ‘कल्याण खजिना’ (1924) चे भित्तिपत्रक त्यांचेच. नाटकाच्या दर्शनी पडद्यावर सही नसे. पडदा एकाने आखावा, दुसऱ्याने रंग भरावा, गुरूने शेवटचा हात फिरवावा, ही तेथली रीत. ‘प्रभात’चे चिन्ह हा अशाच एका दर्शनी पडद्याचा वारस आहे. पडदा वर जाण्यापूर्वी नांदी व्हावी, तशी चित्रपटापूर्वी ही तुतारी होते. शिवाय येथे कारागीर हेच भागीदार होते. चिन्ह मालकाचे की कलावंताचे, हा प्रश्न त्या घरात उद्‌भवण्याचे कारणच नव्हते.

म्हणून निनावीपणा सर्वत्र सारखाच निंद्य मानणे चुकीचे ठरेल. परंतु कार्यशाळेची ही सबब पुढील काळास चालणार नाही. कमल शेडगे ह्यांनी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी शीर्षकांची अक्षरे अर्थानुसार वळविली, आणि मराठी वाचक ती अक्षरे पाहून त्यांचे नाव घेऊ लागला. 2020 साली त्यांचे निधन झाले तेव्हा अक्षरांचा कर्ता म्हणून महाराष्ट्राने त्यांस ओळखले होते. अक्षररेखनास मिळालेली ही ओळख चित्रसंस्थांच्या चिन्हकारांस मिळालेली नाही, आणि ती मिळवून देण्याची साधने पुण्यातच उपलब्ध आहेत. ‘प्रभात’च्या जागेत 1960 पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे, जवळच 1964 साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथील भित्तिपत्रके, पुस्तिका व मूळ प्रती समोर ठेवून, ‘प्रभात’च्या तुतारीची रेषा चित्रपटागणिक कशी बदलत गेली ह्याची तुलनात्मक नोंद करणे हे एखाद्या प्रबंधास पुरेल इतके काम आहे.