तियात्र कोणत्या रंगभूमीचे?

१७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन रिबेरो यांनी ‘इटालियन भुरगो’ हे कोकणी नाटक केले. तियात्राचा आरंभ इथून धरतात. म्हणजे गोव्याचा म्हणून ओळखला जाणारा हा नाट्यप्रकार जन्मला मुंबईत, किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ (१८८०) आणि देवलांची ‘शारदा’ (१८९९) यांच्या मधल्या काळात. आपल्या नाट्येतिहासात मात्र त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

प्रेक्षक होते पोटासाठी आलेले गोवेकर: खलाशी, आचारी, वाजंत्री. धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात ते एकत्र राहत. रिबेरो इटालियन ऑपेरा मंडळीत वावरलेले. त्या साच्यात त्यांनी कोकणी बोली ओतली. जुआंव आगोस्तीन फर्नांडिस यांनी पुढे प्रकार स्थिरावला. त्यांच्या १८९५ च्या तियात्राची सुंदरी गोव्याची नव्हे, मुंबईतल्या काव्हेलची आहे. १९०४ मध्ये त्यांची पत्नी रेजिना रंगमंचावर उभी राहिली. आपल्याकडे तेव्हा बालगंधर्वांचे युग सुरू व्हायचे होते!

तियात्रावर नेहमीचा आक्षेप असा की, दोन पडद्यांमधल्या कांतारांचा कथेशी काही संबंध नसतो. नाट्यसंगीताच्या मापाने तो खराच. पण कथा गावाकडची असो वा काव्हेलची, कांतार आजच्या घडामोडींवर टोला हाणते. घरापासून दूर राहणाऱ्याला दोन्ही हवे असते. मला हा दोष वाटत नाही.

जर्मनीत १९६१ च्या करारानंतर गेलेल्या तुर्की कामगारांच्या नाटकांकडेही दीर्घकाळ ‘ही माणसे मिसळतात का’ एवढ्याच नजरेने पाहिले गेले. २००८ पासून शेर्मिन लांगहोफ यांनी बर्लिनच्या बालहाउस नाउनिनश्ट्रासे नाट्यगृहात प्रश्नाचे तोंड फिरवले: शहराची वस्ती बदलली, तर शहराची रंगभूमी कोणाची?

मुंबईला हे कोणी विचारले नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी तियात्रांतून महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध कांतारे गायली गेली. मराठी अबोल्याला ती कटुताही कारण असावी. विलीनीकरण टळले. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने मात्र देवनागरीतलीच कोकणी मानली, आणि तियात्र लिहिले जाते रोमी लिपीत. तिथे तो वाद अजून चालू आहे. इथे तर वादही नाही. ग्रँट रोडच्या पारशी नाटकांना आपण मुंबईच्या नाट्येतिहासात प्रकरण देतो. ‘इटालियन भुरगो’ त्याच शहरात, त्याच शतकात झाले.