रुमाल आणि वर्ग : पुण्यातील इतिहासाचे अध्यापन व संशोधन

पुण्यातील इतिहाससंशोधनाची परंपरा पुण्यातील विद्यापीठापेक्षा जुनी आहे. ही गोष्ट सर्वत्र अभिमानाने सांगितली जाते. तिच्यामुळे उत्पन्न झालेल्या अडचणीचा विचार मात्र क्वचितच केला जातो. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावरील गाजलेली टीका नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास, विद्यार्थिदशेतच केली. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. विद्यापीठ आले ते १९४९ मध्ये. साहजिकच विद्यापीठीय इतिहासाच्या अध्यापकांना या शहरात साधने, वाद आणि बऱ्याच अंशी निष्कर्षही तयार मिळाले. संशोधनाचा मान मंडळाकडे राहिला आणि विद्यापीठाकडे अध्यापन, परीक्षा व पदव्या आल्या. ही वाटणी कोणी ठरवून केली नाही, पण ती टिकली.

या वाटणीचा परिणाम साधनांच्या वापरात सर्वाधिक स्पष्ट दिसतो. कौन्सिल हॉलजवळील पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद अफाट संख्येने आहेत. हे कागद इतिहासकारांसाठी लावलेले नव्हते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. इनामांची सत्यता पडताळणे ही इंग्रजी राजवटीची गरज होती. १८५२ च्या कायद्यान्वये काम करणाऱ्या इनाम कमिशनला त्यासाठीच जुनी दफ्तरे हवी होती. पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून उतारे निवडले. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. हे काम प्रचंड होते आणि त्याविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु निवड म्हटली की निवडणाऱ्याचा प्रश्न आलाच. सरदेसायांचा मुख्य प्रश्न राजकीय होता : मोहिमा, तह, वकिलातींचा पत्रव्यवहार, घराण्यांतील कलह. महालांचे हिशेब, गावोगावचे जमाखर्च, बलुत्यांच्या तक्रारी यांचा मोठा भाग रुमालांतच राहिला.

आजचा पदव्युत्तर विद्यार्थी ज्याला 'मूळ साधन' म्हणतो ते बहुधा हे छापील खंड असतात. तळटीपेत खंड व लेखांक आला की प्रबंध साधनाधिष्ठित ठरतो. जो कागद कोणीतरी नव्वद वर्षांपूर्वी महत्त्वाचा मानला त्याच कागदावर नवा प्रबंध उभा राहतो आणि निष्कर्ष जुनाच निघाला तर त्याला दुजोरा म्हटले जाते. मोडी लिपी जिथे शिकवली जाते तिथे ती बहुतेक ऐच्छिक असते, किंवा अल्प मुदतीच्या प्रमाणपत्र वर्गापुरती. अशा वर्गातून अक्षरओळख होते. पण घाईत लिहिलेले, संक्षेपांनी भरलेले हिशेबी मोडी वाचता येण्यास महिनोन्‌महिने कागद पुढे ठेवून बसावे लागते. तेवढा वेळ वेळापत्रकात कुठेच नाही.

तथापि सारा दोष मोडीच्या अज्ञानावर टाकणे योग्य होणार नाही. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. अठराव्या शतकातील मराठी राज्य आणि जातिव्यवस्था यांच्या संबंधांविषयीचा त्यांचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी मुख्यतः छापील रोजनिश्यांचाच आधार घेतला. ज्या नोंदी पुण्यातील अभ्यासक पेशव्यांच्या न्यायबुद्धीचे दाखले म्हणून वाचत आले होते, त्यांतूनच जातीचे नियम राखण्यात राजसत्ता कसा हस्तक्षेप करीत होती हे त्यांनी दाखवले. कागद तेच होते. विचारलेला प्रश्न वेगळा होता. तो प्रश्न टोकियोतून यावा आणि पुण्यातून येऊ नये, ही बाब येथील अध्यापनपद्धतीची परीक्षा घेणारी आहे.

प्रश्न येथूनही आले, याचे ठळक उदाहरण म्हणजे अ. रा. कुलकर्णी. पुणे विद्यापीठात इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या कुलकर्णींनी 'महाराष्ट्र इन द एज ऑफ शिवाजी' (१९६९) या ग्रंथात गाव, वतन, बलुतेदारी, व्यापार यांना मध्यवर्ती स्थान दिले. शिवकालावर लिहिताना लढाया मागे ठेवणे त्या काळी सोपे नव्हते, आजही नाही. वर्ग आणि दफ्तर यांमधील अंतर त्यांनी स्वतःच्या कामापुरते मिटवले. मात्र एका अध्यापकाची सवय ही विभागाची व्यवस्था होत नाही, आणि गुरू निवृत्त झाला की ती सवयही त्याच्याबरोबर जाते.

व्यवस्थेचा ओघ तर उलट दिशेनेच राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकाचे संशोधन गुणांत मोजण्यास प्रारंभ केला. गुणांसाठी निबंध, निबंधांसाठी नियतकालिके असा बाजार त्यातून उभा राहिला. त्याला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये 'केअर' यादी आली; तिचे काम पुण्याच्याच विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. या सर्व उलाढालीत कोणता निबंध कोठे छापला याचा खल झाला; निबंधासाठी किती कागद उलगडले गेले याची नोंद घेणारा रकाना कोणत्याच अर्जात नव्हता. एक रुमाल नीट वाचण्यास सहा महिने लागतात आणि त्यातून कदाचित एकच निबंध निघतो. गुणपद्धतीच्या हिशेबाने हा उघड तोट्याचा व्यवहार आहे.

एम. फिल. ही पदवी आयोगाने २०२२ च्या नियमांनी बंद केली. तिची निरुपयोगिता सांगणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण पुष्कळ प्रबंधिका ग्रंथालयीन संकलनापलीकडे गेल्या नाहीत. पण इतिहासापुरते पाहिल्यास एम. फिल.चा आकार कामाच्या आकाराशी जुळणारा होता. एका परगण्याचे दोनतीन वर्षांचे हिशेब वाचणे, लिप्यंतर करणे, त्यांवर शंभर पाने लिहिणे हे पीएच. डी.ला अपुरे आणि एम. ए.ला अवघड; एम. फिल.ला मात्र नेमके पुरेसे. ती मधली पायरी काढल्याने पूर्वी एकही मूळ कागद न हाताळलेला विद्यार्थी आता थेट पीएच. डी.चा विषय नोंदवतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए.च्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत. या प्रकल्पाचे विषय 'शिवाजी महाराजांची राज्यव्यवस्था' किंवा 'पेशवाईतील समाजजीवन' असे ठरले तर छापील खंडांची आणखी एक फेरी होईल. त्याऐवजी एका विद्यार्थ्याला एका गावाचे एका वर्षाचे पाचदहा कागद द्यावेत, लिप्यंतर आणि त्यावरील टिपण हाच प्रकल्प मानावा, आणि मौखिक परीक्षेत प्रथम त्यातील एखादी ओळ मोठ्याने वाचावयास सांगावी. त्यासाठी दफ्तरात विद्यार्थ्यांना बसण्यास जागा लागेल, मोडी जाणणारा अध्यापक लागेल आणि त्या अध्यापकाचे दफ्तरातील तास कार्यभारात धरावे लागतील. यांपैकी शेवटची गोष्ट विभागांच्या व प्राचार्यांच्या हाती आहे.