संस्थेकडे कोठून पाहावे?

आपल्या कादंबरीत संस्थेचे चित्रण दुबळे का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावीत आहे. कचेरी आली की लाचखाऊ कारकून येतो, मंत्रालय आले की पाताळयंत्री मंत्री येतो. माणसे दिसतात, संस्था दिसत नाही. गॅरेथ मॉर्गन यांचा ‘इमेजेस ऑफ ऑर्गनायझेशन’ हा १९८६ सालचा ग्रंथ वाचताना या प्रश्नाला थोडी वाट सापडली. संस्था कशी दिसेल हे आपण कोणत्या प्रतिमेतून पाहतो त्यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यंत्र, सजीव, मेंदू, संस्कृती, राजकारण, मनाचा तुरुंग, अखंड बदलता प्रवाह आणि वर्चस्वाचे हत्यार अशा आठ प्रतिमा ते मांडतात. प्रत्येक प्रतिमा काही दाखवते आणि काही झाकते.

अशा ग्रंथाची परीक्षा एखाद्या घडलेल्या गोष्टीवर करावी. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेकाठी मणिबेली आहे. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली; त्यांत बुडिताला प्रथम सामोरे गेलेले हे गाव. या प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरांचे साहाय्य मंजूर केले होते. पुढे विरोध वाढला, तेव्हा तिनेच १९९१ साली ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला.

आता मॉर्गनच्या प्रतिमा लावून पाहू. संस्था हे यंत्र मानले, म्हणजे माक्स वेबरने वर्णिलेली नियम, पद आणि कागद यांची व्यवस्था घेतली, तर असे दिसते : लवादाने १९७९ साली जमिनीला जमीन देण्याचे ठरविले, परंतु पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जंगलजमीन ज्यांच्या नावावर नव्हती, ते आदिवासी कागदोपत्री अतिक्रमणदार ठरले. येथे यंत्र बिघडले नव्हते, ते नियमाप्रमाणे चालले होते. संस्कृतीची प्रतिमा घेतली तर दुसरेच दिसते. बँकेच्याच वापेनहान्स अहवालाने १९९२ साली असा ठपका ठेवला की, तेथे कर्ज मंजूर करून घेण्याला मान आहे, पुढे त्या कामाचे काय झाले याला नाही. १९९१ साली पुरे झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक निघाले होते. राजकारणाची प्रतिमा ऑक्टोबर १९९२ चा प्रसंग उलगडते. मोर्स अहवाल हाती असूनही बँकेच्या संचालकांनी काही अटी घालून प्रकल्पास साहाय्य चालू ठेवले. अखेर मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको म्हणून कळविले.

तिन्ही स्पष्टीकरणे खरी आहेत आणि एकटे कोणतेही पुरेसे नाही. येथवर मॉर्गन यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. माझा आक्षेप पुढचा आहे. ते या प्रतिमा चष्म्याच्या भिंगांप्रमाणे शेजारी शेजारी मांडतात आणि कारभारी माणसाला एकेक लावून पाहावयास सांगतात. आठवी प्रतिमा संस्थेखाली भरडल्या जाणाऱ्यांची बाजू घेते, हे खरे; पण आठांतील एक म्हणूनच. मणिबेलीच्या माणसाला अशी निवड नसते. मोर्स समितीला जे दिसले ते नव्या भिंगामुळे नव्हे, तर समिती गावागावांत हिंडली आणि लोकांशी बोलली म्हणून. त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही, असे सांगून तिने बँकेला मागे सरण्याचा सल्ला दिला. कोणत्या भिंगातून पाहावे, यापूर्वी कोठे उभे राहून पाहावे हा प्रश्न येतो. तथापि संस्था शिकतच नाही, असेही नाही. बाधितांना थेट तक्रार करता यावी म्हणून बँकेने १९९३ साली तपासणी मंडळ स्थापले. मेंदूची प्रतिमा येथे उपयोगी पडते.

आपल्या कादंबरीकडे वळून पाहिले तर अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्ये राजकारणाची प्रतिमा समर्थपणे उतरली आहे. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांच्या बाजूने उभी राहते, हे तिचे मोठेपण. परंतु तेथेही वाचकाचा राग बहुधा लबाड माणसांवर जाऊन विसावतो. सज्जन माणसे आपापले काम चोख करीत असताना गाव बुडते, ही कादंबरी अजून लिहावयाची आहे.

ती मलाही लिहिता आलेली नाही. एकदा शाळेत मुलाचे नाव घालावयास एक विस्थापित बाप आला होता. रजिस्टरात मूळ गाव विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, ते तर पाण्यात गेलं. कोणतं लिहिता?” मी वसाहतीचे नाव लिहिले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. रकाना भरला, शाई वाळली, आणि मी पुढचे नाव पुकारले.